न कुजणाऱ्या नौकेचे कुजणारे अंतरंग

फायबरग्लासच्या जुन्या नौकेला एकच वय नसते. काचेच्या बारीक तंतूंचे कापड पॉलिएस्टर रेझिनमध्ये, म्हणजे एकदा घट्ट झाल्यावर पुन्हा न वितळणाऱ्या कृत्रिम राळेत भिजवून, त्याचे थर साच्यात एकावर एक बसवले की तिचे बाहेरचे कवच तयार होते. हे कवच पाण्यात कुजत नाही आणि समुद्रातला लाकूड पोखरणारा किडाही त्याला लागत नाही. १९६० च्या दशकात घडवलेली अशी कित्येक कवचे आजही शाबूत आहेत, कारण या नव्या पदार्थाच्या बळाचा नेमका अंदाज नसल्यामुळे त्या वेळच्या बांधणाऱ्यांनी काटकसर न करता सढळ हाताने थर चढवले होते. याच कवचाच्या पोटातले प्लायवूडचे आडपडदे, सागवानी पट्ट्या, कपाटांची दारे, छताचे अस्तर आणि बाकांवरच्या गाद्या मात्र निराळ्याच वेगाने म्हाताऱ्या होत असतात. त्यामुळे पन्नास वर्षांची नौका पुन्हा चालती करायची म्हटले की कवचाला रंग आणि किरकोळ डागडुजी पुरते, आणि खरा कस लागतो तो आतल्या लाकूडकामात.

या आतल्या कामाला नौकाबांधणीत ‘ट्रिम’ असा सुटसुटीत शब्द आहे. त्यात शोभेचा भाग दिसतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. आडपडदा, म्हणजे नौकेच्या पोटात आडवी उभी केलेली प्लायवूडची भिंत, कवचाला पिळवटू देत नाही. फळीच्या कडेची उभी पट्टी हेलकाव्यात भांडी खाली पडू देत नाही. छताखालच्या दांड्याला धरून माणूस चालतो. आणि कवचाच्या आतल्या अंगाला आडव्या ठोकलेल्या बारीक पट्ट्या सामान ओल्या भिंतीला टेकू देत नाहीत, शिवाय मधल्या फटींतून हवा खेळती ठेवतात. घरातली सजावट काढून टाकली तरी घर उभे राहते. नौकेतले लाकूडकाम काढले तर उरते ती तरंगणारी, पण आत माणसाला राहता न येणारी टाकी.

हा विषय बेळगाव आणि निपाणी या भागातून का पाहावा, असा प्रश्न पडणे साहजिक आहे, कारण १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर बेळगावी झालेले हे शहर पठारावर आहे आणि समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, चोर्ला घाटाच्या खाली आहे. तथापि हे अंतर रस्त्याने पणजीपर्यंत सुमारे सव्वाशे किलोमीटरांचेच आहे, आणि नदीच्या हिशेबाने तर ते अंतरच नव्हे. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. त्याच तालुक्यात, भीमगडच्या रानात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला वळून गोव्यात उतरते आणि पुढे मांडवी या नावाने समुद्राला मिळते. गोव्यातल्या सत्तरी भागात नौकेसह कोरलेल्या देवीच्या जुन्या मूर्ती आढळतात, त्यावरून या खोऱ्यात नदी, देवी आणि नाव या तिन्ही गोष्टी एकत्र पाहण्याची रीत जुनी असावी. याच मांडवीच्या पात्रातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरिअस या बांधणीगृहात भारतीय नौदलासाठी शिडाची एक नौका बांधली गेली आणि २००९ च्या फेब्रुवारीत नौदलाच्या स्वाधीन झाली. तिचे नाव ‘म्हादई’ ठेवण्यात आले. ज्या नदीच्या पाण्यासाठी तीन राज्ये लवादापुढे उभी राहिली, आणि १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ व महाराष्ट्राला १.३३ टीएमसी (अब्ज घनफूट) असे पाणी वाटून मिळाले, त्या नदीच्या नावाची नौका तोवर एकट्या खलाशाला घेऊन दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा करून आली होती.

बेळगाव-निपाणी या सीमाभागाच्या उत्तर टोकाला, निपाणीच्या बाजूला, नौकेशी असलेला संबंध निराळा आहे. वेदगंगा आणि दूधगंगा यांना पूर आला की पूर्वी या गावांत गुळाच्या गुऱ्हाळातली काहील पाण्यात सोडली जाई. उसाचा रस आटवण्याची ही रुंद, उथळ लोखंडी कढई तळाशी सपाट असल्याने माणसे आणि वैरण घेऊन तरंगते. तिला पुढचा-मागचा भाग नसतो आणि आतला साज तर नसतोच. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आले, तेव्हा या भागाला बचावपथकांच्या होड्या जवळून पाहायला मिळाल्या. बाजारात ‘फायबरची होडी’ या नावाने ओळखली जाणारी वस्तू बहुधा याच जातीची असते: कवच, दोन फळ्या आणि मागे इंजिन. तिला म्हातारपणी आतून दुरुस्त करण्यासारखे फारसे काही नसते. आत माणूस महिनोनमहिने राहणार असेल, झोपणार, शिजवणार, नकाशे पसरणार असेल, तेव्हाच आतल्या लाकूडकामाचा प्रश्न उभा राहतो, आणि भारतात अशा नौका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होऊन गेल्या.

त्यांतली जुनी आणि या विषयाला सर्वांत जवळची नौका म्हणजे लष्कराच्या अभियंता दलाची ‘तृष्णा’. ३७ फुटी, फायबरग्लासची, स्वान जातीची ही नौका परदेशात सेकंडहँड विकत घेतलेली होती, आणि १९८५ ते १९८७ या काळात भारतीयांनी शिडाच्या नौकेतून केलेली पहिली पृथ्वीप्रदक्षिणा तिच्यातूनच झाली. एवढ्या लांबीच्या नौकेत आळीपाळीने झोपणाऱ्या, ओल्या कपड्यांनी आत-बाहेर करणाऱ्या खलाशांच्या वावराने आतल्या लाकडाची किती झीज होते, हे वापरात नसलेल्या नौकेवरून समजत नाही. ‘म्हादई’ ५६ फुटी आहे. तिचा आराखडा हॉलंडच्या व्हान दे स्टाट कार्यालयाचा असून तिच्या कवचात लाकडी पट्ट्यांचा गाभा आणि त्याच्या दोन्ही अंगांना काचतंतूंचे थर अशी रचना आहे. निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या उपक्रमात दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार थांबे घेत आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये एकही थांबा न घेता तिच्यातून प्रदक्षिणा पुरी केली. तिच्याच धर्तीची ‘तारिणी’ २०१७ मध्ये दाखल झाली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन निघाली. ‘म्हादई’ला कोणी विंटेज म्हणणार नाही, परंतु पुढे दहा-वीस वर्षांनी तिच्या पोटात काय करावे लागेल, याची उत्तरे आज ‘तृष्णा’च्या पिढीतल्या नौकांवर जगभर चाललेल्या कामात मिळतात.

येथे तुलनेसाठी ‘सुहेली’चा उल्लेख अटळ आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये जिच्यातून एकट्याने, न थांबता पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती ३२ फुटी नौका मुंबईत, सागवानात बांधलेली होती. संपूर्ण लाकडी नौकेचे कवच आणि अंतरंग एकाच जातीचे असल्याने दोन्ही एकत्र फुगतात आणि एकत्र आकसतात. फायबरग्लासच्या नौकेत न हलणाऱ्या कवचाला सतत हलणारे लाकूड जोडलेले असते, आणि तिच्या आतल्या बहुतेक दुखण्यांचे मूळ या विजोड संसारात आहे.

दुरुस्तीची सुरुवात लाकडापासून होत नाही, पाण्यापासून होते. आडपडद्याच्या पायथ्याशी काळा डाग दिसला की अननुभवी माणूस डाग घासू लागतो. जाणता कारागीर वर पाहतो. डेकवर, म्हणजे नौकेच्या वरच्या फरशीवर, दोर अडकवण्याचे खुंटे, खिडक्यांच्या चौकटी आणि डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांच्या पोलादी पट्ट्या बोल्टांनी बसवलेल्या असतात. बोल्टांभोवतीचे सीलंट, म्हणजे फट बुजवणारा चिकट रबरी लेप, पंधरा-वीस वर्षांत ताठर होऊन सुटतो आणि तिथून पावसाचे पाणी आत उतरते. हे पाणी पडते तिथे दिसत नाही. ते अस्तरामागून, कवचाच्या उतारावरून सरकत जाऊन दोन-तीन फूट लांब प्रकट होते. शिवाय खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी लाकडाला अधिक घातक ठरते, कारण मीठ बुरशीला काहीसे आवरते आणि गोडे पाणी तिला मोकळे रान देते. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढत नाही, हा या कामातला मूळ आकडा आहे. त्यामुळे डेकवरचे सगळे बोल्ट काढून, भोके साफ करून, नवे सीलंट भरून एक पावसाळा कोरडा जाऊ द्यावा आणि मगच आत रंधा चालवावा, हा क्रम घाईच्या मालकांना पटत नाही. पण तो मोडणाऱ्यांना तेच काम दुसऱ्यांदा करावे लागते.

आडपडद्याचा पायथा कुजला असेल तर त्याला कवचाशी जोडणाऱ्या काचतंतूंच्या पट्ट्याही सुटलेल्या असतात. मूळ बांधणीत त्या पॉलिएस्टर रेझिनने चिकटवलेल्या असतात; ओले असताना पॉलिएस्टर पॉलिएस्टरला चांगले धरते, पण वाळलेल्या जुन्या थरावर किंवा लाकडावर त्याची पकड कच्ची राहते. म्हणून दुरुस्तीत इपॉक्सी वापरतात, जे महाग असले तरी जुन्या थराला आणि लाकडाला सारखेच घट्ट धरते. कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून काढणे, जोडाच्या कडा जाडीच्या आठ ते बारा पट लांबीच्या उतारात घासणे आणि नवा तुकडा त्या उतारावर चिकटवणे, अशी ही पद्धत आहे. घासताना उडणारी काचेची धूळ कातडीत आणि छातीत जाते, त्यामुळे नाकाला नुसता रुमाल बांधून हे काम करू नये. सुतारकामाच्या भुशाची सवय असलेल्या माणसाला ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागते.

प्लायवूड निवडताना आयएस ७१० या भारतीय मानकाचे मरीन प्लाय घ्यावे, असे सर्वत्र सांगितले जाते. या मानकात प्लायचा तुकडा ७२ तास उकळूनही थर सुटता कामा नयेत, अशी अट आहे. आपल्याकडे घरोघरच्या स्वयंपाकघरातली कपाटे मरीन प्लायची असल्याचे इतक्या अभिमानाने सांगितले जाते की या शब्दाचा समुद्राशी काही संबंध आहे हेच विसरायला झाले आहे. नौकेत मात्र शिक्क्यावर विसंबता येत नाही, आणि विकत आणलेल्या तावातला एक कोपरा कापून घरच्या पातेल्यात उकळून पाहणे ही सर्वांत स्वस्त परीक्षा ठरते. त्यानंतरही कापलेली प्रत्येक कड इपॉक्सीने बंद करावी लागते, कारण प्लायमध्ये पाणी पृष्ठभागातून फारसे शिरत नाही, कडेच्या उघड्या रेषांतून शिरते.

सागवानाचा प्रश्न याहून नाजूक आहे आणि इथेच पठार व किनारा यांच्यातले खरे अंतर कळते. खानापूर, लोंढा, हल्याळ, दांडेली हा सारा सागवानाचा मुलूख. ऐन, किंदळ, बिबळा, शिसवी ही झाडेही याच रानातली, पण नौकेच्या आतल्या कामात सागवानाची बरोबरी त्यांतले कोणी करत नाही, कारण त्याच्या अंगातले तेल ओल दूर ठेवते आणि ते फुगते-आकसते कमी. कमी म्हणजे किती, याचा हिशेब सुताराने एकदा तरी करावा. हवेतील सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास असताना, म्हणजे पठारावरच्या उन्हाळ्यात, लाकडातली ओल सुमारे ८ टक्क्यांवर स्थिरावते. किनाऱ्यावरच्या पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की तीच १८ टक्क्यांच्या जवळ जाते. आडव्या चिरीच्या सागवानी फळीची रुंदी ओलीच्या दर एका टक्क्यामागे साधारण ०.२ टक्क्याने बदलते. त्यामुळे बेळगावात मार्चमध्ये १०० मिलिमीटर रुंद तासलेली फळी मांडवीच्या काठी श्रावणात सुमारे १०२ मिलिमीटर होते. दोन मिलिमीटर ही क्षुल्लक गोष्ट वाटते खरी. पण दहा फळ्यांची तक्तपोशी दोन न हलणाऱ्या भिंतींमध्ये घट्ट बसवली असेल तर त्या वीस मिलिमीटरांना जायला जागा नसते आणि मधली फळी उचलली जाते. यावर जुना उपाय म्हणजे उभ्या चिरीचे लाकूड घेणे, ज्यात वाढीची वलये फळीच्या पृष्ठभागाशी काटकोनात उभी राहतात आणि हालचाल जवळजवळ निम्म्यावर येते. दुसरा उपाय म्हणजे कापलेले लाकूड काही आठवडे नौकेतच रचून ठेवणे आणि मगच त्याला अंतिम माप देणे. उभी चिरी काढताना ओंडक्यातून फळ्या कमी निघतात, त्यामुळे वखारवाला ती नाखुशीनेच काढून देतो.

मापाच्या बाबतीत घरकामात तयार झालेल्या सुताराला नौका प्रथमदर्शनी चक्रावून टाकते, कारण त्याचा विश्वासू गुण्या, म्हणजे काटकोन तपासण्याची पट्टी, तिथे निरुपयोगी ठरतो. कवच दोन्ही दिशांना वळलेले असते, डेक मध्यभागी उंचावलेला असतो आणि साच्यातून निघालेल्या नौकेची डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी असतेच असे नाही. म्हणून येथे मोजण्याऐवजी उतरवून घेण्याची रीत आहे. जागेच्या मधोमध एक पातळ फळी पक्की बसवतात आणि टोकदार, कडेला खाचा असलेल्या काठीचे टोक कवचाच्या एकेका बिंदूला टेकवून काठीची कड त्या फळीवर पेन्सिलीने आखतात; मग ती फळी नव्या प्लायवर ठेवून, काठी त्याच खुणांवर पुन्हा लावली की प्रत्येक बिंदू आपोआप प्लायवर उतरतो आणि ते बिंदू जोडले की वळणाचा अचूक आकार मिळतो. यात एकही आकडा लिहावा लागत नाही. मीटरटेपच्या आधीच्या काळातली ही युक्ती आहे आणि संगणकाने मापे घेण्याच्या काळातही ती टिकून आहे.

छताच्या अस्तराची कथा थोडक्यात सांगता येते. १९७० च्या दशकातल्या पुष्कळ नौकांत स्पंज चिकटवलेले रेक्झिन थेट कवचाला लावलेले होते. पॉलियुरेथेनचा तो स्पंज हवेतल्या ओलीने विघटित होऊन चिकट भुकटी होतो, रेक्झिन पोत्यासारखे लोंबते, आणि जुन्या नौकेत शिरल्यावर येणारा कुबट वास बहुतांशी त्याचाच असतो. असे अस्तर पुन्हा तसेच चिकटवणे हा मूर्खपणा होय. पातळ प्लायच्या सुट्या तुकड्यांवर रेक्झिन ताणून ते तुकडे सागवानी पट्ट्यांखाली स्क्रूने धरले की गळती शोधण्यासाठी कुठलाही भाग पाच मिनिटांत उतरवता येतो. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या केबिनला आणि सीटला रेक्झिन चढवणाऱ्या कोणाही कारागिराला ताणून स्टेपल मारण्याचे आणि कोपरे दुमडण्याचे हे काम शिकवावे लागणार नाही. त्याला एवढेच सांगावे लागेल की स्टेपल साध्या लोखंडाचे चालणार नाहीत आणि गादीच्या खालच्या बाजूला हवा जाईल असे जाळीदार कापड हवे.

धातूच्या निवडीत एक गैरसमज फार पसरलेला आहे. पितळ गंजत नाही म्हणून ते समुद्रात चालते, असे मानले जाते. प्रत्यक्षात खाऱ्या ओलीत पितळेतले जस्त हळूहळू निघून जाते, उरलेले तांबे गुलाबीसर आणि ठिसूळ होते आणि एक दिवस स्क्रूचे डोके फिरवताच तुटून हातात येते. आत, कोरड्या जागी, बिजागऱ्या आणि कड्या पितळेच्या असायला हरकत नाही. भार घेणारे स्क्रू कांशाचे किंवा ३१६ प्रतीच्या स्टेनलेस पोलादाचे हवेत. प्रत्येक स्क्रूचे डोके लाकडात खोल बसवून त्यावर त्याच लाकडाचे बूच ठोकतात. बुचाच्या रेषा फळीच्या रेषांशी जुळवाव्या लागतात, आणि ते इपॉक्सीऐवजी साध्या वार्निशमध्ये बुडवून बसवतात, म्हणजे पुढच्या कारागिराला ते पटाशीने फोडून काढता येते.

झिलई हा ज्याचा-त्याचा वादाचा विषय असला तरी काही गोष्टी निर्विवाद आहेत. चिकटवण्यापूर्वी किंवा वार्निश लावण्यापूर्वी सागवानाचा पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसून त्याचे तेल काढावे लागते आणि ते पुन्हा वर येण्याआधी काम उरकावे लागते. घरच्या फर्निचरचे मेलामाइन पॉलिश दिसायला देखणे असले तरी ते ताठर असते आणि लाकूड हलले की तडकते. लवचीक वार्निशचे पातळ तीन-चार हात आतल्या कामाला पुरतात, आणि शेवटचा हात मंद चकाकीचा असावा, कारण अरुंद खोलीत आरशासारखी चमक डोळ्यांना खुपते. फळीच्या दिसणाऱ्या बाजूला चार हात आणि पाठीला एकही नाही, ही अगदी कुशल माणसांचीही चूक आहे. एकाच बाजूने ओल घेणारी फळी दुसऱ्या बाजूला वाकणारच.

या सगळ्या कामाचे वेळापत्रक अखेर पाऊस ठरवतो. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो, जो पाण्याने धुऊन न काढता वर दुसरा हात दिला तर तो सोलून निघतो. म्हणून चिकटवण्याची आणि झिलईची कामे दिवाळीनंतर सुरू होऊन मे महिन्याच्या आत संपावीत, असा बेत आखावा लागतो. कपाटांच्या दारांना मात्र ही मुदत लागू पडत नाही. पठारावरच्या कोरड्या हवेत कितीही नेमकी तासलेली दारे पहिल्या पावसाळ्यात एखाद्या कडेला अडतातच, आणि कोणती कड अडेल हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे दारांच्या कडांना शेवटचे वार्निश न देता त्या तशाच कोऱ्या सोडतात, आणि सुताराने श्रावणात एकदा रंधा घेऊन घाट उतरावा, जेवढे अडते तेवढेच तासावे आणि उघड पडताच कडा बंद कराव्यात, असे ठरवून ठेवतात.